अण्णांचं तंबाखूचं दुकान



मागच्या वेळी आपण गावातल्या जुन्या आडाबद्दल बोललो. ते ऐकून आमच्या गटातल्या थोरल्या आक्का म्हणाल्या, "आडाचं झालं, आता निपाणीच्या अण्णाच्या दुकानाचं सांगा की." आम्ही जरा थबकलो. आडाच्या आठवणी सांगायला कसली अडचण? पण हे दुकान तंबाखूचं. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात ज्या गोष्टीच्या विरोधात आपण घोषणा देतो, तिचंच. पण बैठकीत एकदा विषय निघाला तो उठेपर्यंत संपला नाही. प्रत्येकीकडं त्या दुकानाची काही ना काही आठवण होती. तेव्हा ठरलं, जसं होतं तसं सांगायचं.

आमची गावं कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला. बाजार मात्र निपाणीचा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. आमच्या पायांना ती सीमा कधी कळली नाही. माळवं विकायला निपाणी, लग्नाचा बस्ता निपाणीत, दवाखाना निपाणीत आणि आज्जीची मिश्रीही निपाणीचीच. दुसऱ्या भागातल्या मैत्रिणी मशेरी म्हणतात, तीच ही.

दुकान जुन्या पेठेत होतं. फळ्यांची दारं, एकेक फळी काढून भिंतीला टेकवून ठेवायची. आत गेलं की आधी वास. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको. उग्र, गोडसर, नाकात बसणारा, नव्या माणसाला हटकून शिंक यायची. गोणपाटावर तंबाखूचे ढीग, त्यात खायची वेगळी, विडीची वेगळी, मिश्रीसाठी भाजायची वेगळी. बरण्यांत तपकीर. चुन्याच्या डब्या, कात, सुपारी, अडकित्ते, कापडी चंच्या. मधोमध आढ्याला टांगलेला पितळी पारड्यांचा तराजू. आणि त्यामागं गादीवर अण्णा, पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. आम्ही लहान होतो तेव्हाही ते म्हातारेच दिसायचे आणि आम्ही मोठ्या झालो तेव्हाही तेवढेच म्हातारे.

आम्ही आठ-दहा वर्षांच्या असू. बाजारादिवशी आई माळव्याच्या पाटीजवळ बसायची आणि आम्हाला पिटाळायची, "जा, आज्जीची पुडी आण." अण्णा नाव विचारायचे नाहीत. तोंडाकडं बघूनच गाव आणि घर ओळखायचे. पुडी बांधता बांधता म्हणायचे, "पोरी, आज्जीला सांग, ह्या खेपची कडक हाय. बेतानं लाव म्हणावं." आणि चिमूटभर वरून घालायचे. वर एक गोळी आमच्या हातावर. आज लहान मुलांच्या हाती तंबाखू विकणं हा गुन्हा आहे. २००३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना ती विकायला बंदी आली. तेव्हा मात्र पोरीनं पुडी आणणं म्हणजे शेजारून विरजण आणण्यासारखंच होतं.

पुडीचा कागद जुन्या वर्तमानपत्राचा असायचा. आमच्यातल्या दोघी-तिघी सांगतात की शाळेच्या पुस्तकाबाहेरचं पहिलं वाचन त्या कागदावर झालं. अर्धी बातमी, तुटलेली जाहिरात, कुणाच्यातरी नटवेषातल्या फोटोचा निम्मा चेहरा. आज पाकिटांवर कर्करोगाची भीषण चित्रं असतात, २००९ सालापासून ती सक्तीची झाली. सुट्ट्या पुडीवर कुठलं चित्र? आमच्या आज्ज्यांना कागदानं कधी सावध केलंच नाही.

आता जरा मागं जाऊ. तंबाखू आपली नाही, हे आमच्यातल्या अनेकींना ठाऊक नव्हतं. इतकी जुनी सवय, म्हणजे पुराणकाळापासूनचीच असणार असं वाटायचं. पण हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. मिरची, बटाटा, मका, भुईमूग ही मंडळी आली तशीच तंबाखूही पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. गोवा जवळ, त्यामुळं दख्खनला ती लवकर कळली. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा वकील विजापूरला आला होता, साधारण १६०४-०५ च्या सुमाराची गोष्ट. त्यानं तिथं तंबाखू पाहिली आणि नवलाची वस्तू म्हणून रत्नजडित नळीसकट बादशहाला नेऊन दिली. दरबारातल्या हकिमांनी, ही अनोळखी चीज आहे, ओढू नका, असं सांगितलं. बादशहानं तरी दोन-चार झुरके घेतलेच. पुढं १६१७ साली जहांगीरनं तंबाखू ओढायला मनाई केली. ती मनाई किती चालली ते आपण बघतोच आहोत. म्हणजे 'हे वाईट आहे' असं सांगणारा पहिला वैद्य आणि न ऐकणारा पहिला माणूस, दोघेही चारशे वर्षांपूर्वीचे. गंमत अशी की ती तंबाखू दिल्लीकडं गेली आपल्याच बाजूनं, विजापूरहून.

निपाणीच्या भोवतालची काळी जमीन आणि इथलं हवामान विडीच्या तंबाखूला मानवलं. देशात विडीच्या तंबाखूची दोन मोठी ठाणी, एक गुजरातेतला खेडा-आणंदचा चरोतर आणि दुसरं हा निपाणी भाग. तंबाखू इथली, तेंदूचं पान गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातलं आणि वळणारे हात बहुतेक ठिकाणी बाईचेच. सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं आपण ऐकतो. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली घरं ताब्यात मिळाली, ती त्याच बायकांच्या लढ्यातून.

थोरल्या आक्का निपाणीच्या वखारीत कामाला जायच्या. वखार म्हणजे तंबाखूचं कोठार आणि कारखाना, दोन्ही. शेतकऱ्याकडून आलेली वाळकी तंबाखू तिथं कुटायची, चाळायची, काड्या वेगळ्या काढायच्या, पानाचा चुरा वेगळा, भुकटी वेगळी, मग प्रतीप्रमाणं मिसळून पोती भरायची. सगळं बायकांनी करायचं. दारं-खिडक्या बंद, वाऱ्यानं भुकटी उडाली तर मालकाचं नुकसान. आक्का सांगतात, "पयल्या दिवशी गेले आनि उलटीच झाली. डोळं चुरचुरायचं, नाक गळायचं. पदर तोंडाला गुंडाळून काम. घरी गेलं तर लेकरू जवळ यायचं न्हाई, वास लागायचा." आक्कांना दम्यासारखा खोकला आजही आहे. कामाला वेळेचं बंधन नव्हतं, रजा नव्हती, उद्या ये म्हणाले तर काम, नाहीतर नाही.

अण्णांच्या वडिलांनी दुकान काढलं ते या सगळ्या व्यवहाराच्या एका कडेला. ते काही वखारवाले बडे व्यापारी नव्हते. वखारीतून पोतं-दोन पोती घ्यायचे आणि पेठेत तोळ्या-छटाकानं विकायचे. अण्णा सांगायचे, त्यांच्या लहानपणी घरात सगळ्यांना एकाच माणसाची भीती होती, एक्साइजच्या साहेबाची. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना ब्रिटिश सरकारनं तंबाखूवर अबकारी कर बसवला. मग शेतात किती लावली, घरात किती वाळत घातली, वखारीत किती आली, सगळ्याची नोंद. नोंदीपेक्षा पोतं जास्त निघालं तर दंड. वखारीवाल्यांना भीती, शेतकऱ्याला भीती आणि दुकानदारालाही. स्वराज्य आलं तरी तो कर राहिला. १९७९ साली कच्च्या तंबाखूवरचा कर उठला आणि तयार मालावर गेला. तेव्हा वडिलांनी नोंदवह्यांचा गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला, असं अण्णा हसत सांगायचे. तोळ्याचं ग्रॅम झालं तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. आमच्या आज्ज्या मात्र शेवटपर्यंत "आतपाव दे" असंच म्हणत राहिल्या आणि अण्णा न बोलता सव्वाशे ग्रॅम तोलत राहिले.

त्याच सुमाराला निपाणीत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक आपल्या बायकांची. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं वखारीतल्या बायकांची संघटना बांधली गेली. संप झाले, मोर्चे निघाले. किमान वेतन, कामाचे ठरलेले तास, हक्काची रजा, या गोष्टी बायकांनी भांडून मिळवल्या. छाया दातार यांनी या लढ्याचा अभ्यास करून इंग्रजीत पुस्तक लिहिलं, १९८९ साली ते आलं. आमच्या आक्का त्या मोर्चांत होत्या. पुस्तक निघाल्याचं त्यांना आम्ही परवा सांगितलं तेव्हा कळलं. म्हणाल्या, "आमचं? लिवलंय? आनि आमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांची. माल व्यापारी उचलायचा, भाव मागाहून ठरायचा, त्यात घट आणि कसर कापायची, पैसे कधी मिळतील ते सांगता यायचं नाही. १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी बायका-पोरांसह पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून जास्त दिवस रस्ता अडवून लोक तिथंच राहिले. आमच्या गावांतून भाकरी जायच्या. चुलीवर दहा जास्त थापायच्या आणि गठुळं बांधून द्यायचं. आमच्या आया सांगतात, कुणी कुणाला हिशेब विचारला नाही. वखारीतल्या बायकाही त्यात होत्या. शेतकऱ्याला भाव मिळाला तर आपल्या मजुरीला जोर येईल, असं त्यांना वाटायचं. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी मेले.

त्या दिवशी अण्णांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, पण आतून. पळत आलेल्या सहा-सात बाया आणि एक म्हातारा त्यांनी आत घेतला. त्यात आक्का होत्या. तंबाखूच्या पोत्यांवर अंधारात बसून राहिल्या. कुणाला खोकला आवरेना. अण्णांनी माठ पुढं सरकवला आणि म्हणाले, "पानी प्या आनि गप बसा." दिवस मावळल्यावर मागच्या बोळातनं सोडलं. आक्का आजही त्यांचं नाव निघालं की हात जोडतात. आणि लक्षात घ्या, आंदोलन व्यापाऱ्यांच्या विरोधात होतं, अण्णांचा माल यायचा तो त्याच व्यापाऱ्यांच्या वखारीतून.

म्हणूनच आम्हाला त्या दुकानाबद्दल सरळ बोलता येत नाही. बाजारात बाईमाणसानं बसायचं कुठं? हॉटेलात शिरायची सोय नव्हती, देवळाच्या पायरीवर किती वेळ बसणार? अण्णांच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसता यायचं. पाटी ठेवता यायची, लेकराला पाजता यायचं. एस.टी. चुकली तर निरोप तिथं ठेवायचा, पुढच्या बाजारी पोचायचा. माहेरची माणसं भेटायची ती तिथंच. सासरी जे बोलता येत नव्हतं ते त्या कट्ट्यावर बोलून झालं. आमच्या एकीच्या आईनं घर सोडून जायचं ठरवलं होतं, ती त्या कट्ट्यावर दुपारभर रडून संध्याकाळी परत गेली. बरं झालं की वाईट, ते तिचं तिनं ठरवलंय.

आणि उधारी. अण्णांची वही लाल कापडाची. बायकांची उधारी त्यात नावानं नसायची. नवऱ्याला किंवा सासऱ्याला कळायला नको. मग खुणा. 'पिंपळाजवळची', 'चिंचेखालची', 'तिळ्या पोरांची', 'वांगीवाली'. आमच्या एका आज्जीची नोंद होती 'हसरी'. पैसे कधी द्यायचे तर माळवं विकून उरले की. व्याज नाही, तगादा नाही. बँक आम्हाला दारात उभं करत नव्हती तेव्हा ही एक वही होती, जिच्यात बाईच्या शब्दाला पत होती. फक्त ती पत तंबाखूपुरतीच होती, हे खरं.

मिश्रीचं कसं असतं ते आपल्याला सांगायला नको. दाढ दुखते म्हणून कुणीतरी बोट लावायला सांगतं. तंबाखूनं थोडा वेळ बधिर होतं, बरं वाटतं. मग सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटायला लागतं. मग दुपारी, मग भाकरी झाल्यावर, मग झोपताना. दात काळे, हिरड्या सैल. तोंडात पांढरा चट्टा येतो, तो दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. गरोदर बाईनं लावली तर बाळ वजनाला कमी भरतं. आणि आपल्याकडं तर बाळंतिणीलाही कुणी नको म्हणत नव्हतं. विडी ओढणारी बाई वाईट चालीची, मिश्री लावणारी मात्र घरंदाज, हा हिशेब कुणी लावला कोण जाणे.

आमचा बचत गट सुरू झाला तेव्हा महिन्याची बचत शंभर रुपये ठरली. तीन-चारजणी दर महिन्याला म्हणायच्या, शंभर जड जातात, पन्नास करा. एका बैठकीत आम्ही सहज विचारलं, पुडी कितीची लागते? एक म्हणाली, दिवसाला पाच रुपयांची. पाटीवर खडूनं मांडलं. महिन्याचे दीडशे, वर्षाचे अठराशे. खोलीत कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "हे पुसा आधी."

त्यानंतर आम्ही पाचजणी अण्णांकडं गेलो. मनात धाकधूक होती. म्हटलं, "अण्णा, आमच्या गटातल्या बायकांना उधार देऊ नका." ते कितीतरी वेळ पारड्याची दोरी नीट करत बसले. मग म्हणाले, "मी दिली न्हाई तर त्या नाक्यावरच्या टपरीवर जातील. तिथं गुटखा घ्यायला लागतील. माझ्याकडं निदान निव्वळ पान हाय." आम्ही म्हटलं, "तुमच्या घरी कोण लावतं?" तेव्हा ते पटकन बोलून गेले, "आमच्या घरात? छे. आमच्या आईनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली न्हाई. अंगावरचं कापडसुद्धा मागल्या दारी बदलून आत जायचं, असा नेम हाय."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर आम्ही यावरून खूप बोललो. एक म्हणाली, ज्याचं पोट त्यावर चालतं तो काय करणार. दुसरी म्हणाली, हातावर गोळी ठेवणारा माणूस आमच्या आज्जीला 'बेतानं लाव' म्हणायचा, 'लावू नको' असं एकदा तरी म्हणायचा होता. आक्का काही बोलल्या नाहीत. या भांडणाचा निकाल आमच्यात अजून लागलेला नाही, आणि कार्यक्रमात तो लावूनच सांगावा असं आम्हाला वाटत नाही.

अण्णांनी एक गोष्ट मात्र केली. त्या दिवाळीच्या पाडव्याला, वहीपूजन झाल्यावर, आमच्या गावच्या बाया बाजारी आल्या तेव्हा त्यांनी एकेकीला जवळ बोलावून तिचा वर्षाचा आकडा वाचून दाखवला. एकटीला, हळू आवाजात. आधी कधी त्यांनी असं केलं नव्हतं. दोघींनी त्यानंतर हळूहळू सोडली. डोकं दुखायचं, चिडचीड व्हायची, बडीशेप आणि भाजलेली ओवा-तीळ तोंडात धरून दिवस काढले. बाकीच्या काही दिवस थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. एक रागावून दुसऱ्या दुकानात जायला लागली. सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे, तो लिहून घ्या. आमच्या वेळी आम्हाला माहीत नव्हता.

'हसरी' आज्जीच्या नातीनं, आमच्याच गटातल्या, उशीर केला. गालाच्या आतल्या चट्ट्याची गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, किरण उपचार झाले. आज ती आहे, बैठकीला येते, बोलताना रुमाल धरते. तिनंच आम्हाला सांगितलं, माझं सांगा, पण नाव घेऊ नका.

इकडं शेतंही बदलली. काळम्मावाडीच्या धरणाचं पाणी आलं, तंबाखूच्या जागी ऊस आला, सोयाबीन आलं. वखारी एकेक करून ओस पडल्या. पेठेत मोबाइलची दुकानं आली. २०२० च्या टाळेबंदीत तंबाखूची विक्री बंद झाली तेव्हा गावात बायकांची काय दशा झाली ती आपण पाहिली. चोरून दामदुप्पट दरानं पुड्या आल्या. अण्णांनी मात्र त्या दिवसांत लावलेल्या फळ्या पुन्हा काढल्याच नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले.

आम्ही मातीला जाऊ शकलो नाही, पण महिन्यानं भेटायला गेलो. त्यांच्या सूनबाईंनी चहा केला. वह्यांचं काय झालं असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "मामंजींनीच सांगितलं होतं, बायकांच्या वह्या जाळा. कुनाचं वसूल करायचं न्हाई आनि कुनाला दाखवायचं न्हाई." तराजू मात्र त्यांनी आम्हाला दिला. आमच्या गटाचा चटणी-मसाल्याचा धंदा आहे हे त्यांना माहीत होतं. आम्ही तो चिंचेनं घासला, राखेनं घासला, चार दिवस उन्हात ठेवला. पहिल्यांदा तीळ-खोबऱ्याची चटणी तोलली, आणि वरच्या बाजूच्या लाकडी दांडीतून तोच वास आला. गिऱ्हाईक काय म्हणेल? आता चटणी काट्यावर तोलतो, आणि तराजू गटाच्या खोलीत खिडकीजवळ टांगलाय. आक्का आल्या की आधी त्याच्याखाली बसतात, खोकतात, आणि मग बैठक सुरू करायला सांगतात.